नेमाडे एकटे नव्हते

भालचंद्र नेमाडेंच्या 'कोसला' कादंबरीवरचा लेख आवडला, पण 'कोसला' म्हणजे एका एकट्या पोराने गावाकडे बसून केलेला चमत्कार असं जे चित्र त्यात येतं ना ते मला अर्धवट वाटतं. आपल्या गावी, सांगवीला बसून थोड्या दिवसांत झपाटल्यासारखी लिहिली हे खरंच, १९६३ला प्रकाशक देशमुखांनी छापली तेव्हा नेमाडे जेमतेम पंचविशीतले. पण त्यामागची दोस्तमंडळी कुठे गेली? अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे... लघुनियतकालिकांचा काळ होता तो, प्रतिष्ठित मासिकांच्या दारात उभं न राहता आपलंच लिखाण आपणच छापायचं, एकमेकांचं वाचायचं, भांडायचं. नेमाडेंनी स्वतः 'वाचा' नावाचं असंच एक लघुनियतकालिक चालवलं, त्याचा लेखात एका ओळीतही उल्लेख नाही याचं खरंच वाईट वाटलं. मी कॉलेजात नेमाडेंचीच 'बिढार' कादंबरी वाचली आणि तिच्या नायकाची, चांगदेवची ती मित्रांची टोळी, छपाईची धडपड, पैशाची चणचण वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलंच नाही, लेखक असा माणसांतून घडतो हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. कुणाकडे 'वाचा'चे जुने अंक असतील तर प्लीज स्कॅन करून ठेवा, कागद फार दिवस टिकत नाही हो.