टाळी वाजवून कान तपासले जात नाहीत
‘मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत थांबा’ हा मुलांच्या उशिरा बोलण्यावरच्या लेखातला सल्ला पटला नाही. १२ महिन्यांत बोट दाखवणं नाही, १६ महिन्यांत एकही शब्द नाही, २ वर्षांत ‘दूदू दे’सारखी आपणहून केलेली जोडी नाही, तर थांबू नये. आलेले शब्द गेले तर लगेच दाखवावं.

बोलणं उशिरा असेल तर आधी कान तपासा. मागून टाळी वाजवली की मूल सावली पाहूनही वळतं. शिवाय टाळी ऐकू आली म्हणजे ‘स’सारखा बारीक आवाज ऐकू येतोच असं नाही. जन्मानंतरची ओएई (आतल्या कानाचा आवाजाला प्रतिसाद मोजणारी चाचणी) पास असली तरी पुन्हा तपासा, शंका असल्यास बेरा (श्रवणनस आणि मेंदूपर्यंतचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) करा; श्रवणनसेतला दोष ओएईत निसटतो. घरात मराठी-हिंदी दोन्ही असतील तर शब्द मिळून मोजा, एकाच भाषेचे नव्हे. अंगणवाडीत येणारं आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथक जिल्ह्याच्या डीईआयसी, म्हणजे मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राची चिठ्ठी देतं.