पुतळ्याआधी वही शोधा

गेले दोन आठवडे कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय. तालमीच्या फुटबॉल टीमचे जुने सेक्रेटरी, ज्यांनी सायकलवर फिरून वर्गणी गोळा केली आणि टीम उभी केली, त्यांचा अर्धपुतळा करायचा की चौकाला नाव द्यायचं. मी लंडनमध्ये, रात्री कामावरून आलो की शंभर मेसेज पडलेले असतात, आणि खरं सांगतो, वाचून बरं वाटतं. खेळाडूंची नावं सगळ्यांना पाठ असतात, पण मॅच ठरवणारा, नियम लिहिणारा, हिशोब ठेवणारा माणूस कुणाला आठवतो?

इथे असा एक माणूस होऊन गेला, एबनेझर कॉब मॉर्ली. जन्म हल शहरातला, १८३१ चा, धंद्याने वकील. लंडनजवळच्या बार्न्समध्ये त्याने क्लब काढला, पण तेव्हा प्रत्येक क्लबचे नियम वेगळे, मॅच खेळायची तर आधी नियमांवरच वाद. मग याने पेपरला पत्र लिहिलं, की सगळ्यांनी बसून एकच नियम करूया, आणि २६ ऑक्टोबर १८६३ ला फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये मीटिंग झाली आणि फुटबॉल असोसिएशन जन्माला आली, मॉर्ली पहिला सेक्रेटरी. डिसेंबरपर्यंत सहा मीटिंगा झाल्या. समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायला परवानगी असावी का यावर एवढं भांडण पेटलं की ब्लॅकहीथ क्लब बाहेरच पडला. शेवटी १३ नियम ठरले. आज शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या मॅचला आपण ज्या खेळासाठी घसा फोडतो त्याची कागदावरची सुरुवात ही.

आता ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "परदेशात बघा कसं जपतात". मला हे पूर्ण पटत नाही, म्हणून लिहितोय. बार्न्समध्ये नदीकाठी द टेरेसवर २६ नंबरचं मॉर्लीचं घर, त्याच्या नावाची निळी पाटी होती, आणि २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये काम चालू असताना तेच घर ढासळलं. तो गेला १९२४ ला, ९३ वर्षांचा होऊन, आणि पुरला बार्न्सच्या ज्या जुन्या दफनभूमीत ती १९६६ मध्ये कौन्सिलने ताब्यात घेऊन तशीच सोडून दिली, चॅपल पाडलं, झाडोरा माजला. जगातला सगळ्यात मोठा खेळ ज्याने कागदावर आणला त्याचं थडगं वेलींत. मी तिथे उभा राहिलोय, पोटात कालवलं.

पण एक गोष्ट राहिली, १८६३ च्या त्या मीटिंगांची प्रोसिडिंगची, म्हणजे कामकाजाची, वही. मॉर्लीच्या हातचे नियम असलेली, शाईतली, खाडाखोड केलेली. घर पडलं, कबरीवर झुडपं आली, तरी वही असल्यामुळे तो माणूस काय बोलला, कशासाठी भांडला हे आपल्याला आजही माहितीय. २०१३ मध्ये असोसिएशनला दीडशे वर्षं झाली तेव्हा ती ब्रिटिश लायब्ररीत मांडली होती.

आपल्याकडे पैसा नाही असं कुणी म्हणू नये, वर्ल्ड कपला मेस्सी-नेमारचे कटआउट चौकाचौकात आपणच उभे करतो. पण तालमीचं प्रोसिडिंग बुक कुठे आहे? पावती पुस्तकं? जुने ग्रुप फोटो? मागच्या वेळी आलो तेव्हा तालमीत रंगकाम झालेलं, भिंतीवरच्या फ्रेमा खाली जिन्याखाली ओलीत ठेवलेल्या, एका फोटोतले चेहरे पाण्याने पार गेलेले, आणि मागे कुणाची नावंही लिहिलेली नव्हती. ती नावं सांगू शकणारी दोन-तीनच माणसं आता राहिलीत, सगळी ऐंशीच्या पुढची.

म्हणून माझं म्हणणं, पुतळ्याची वर्गणी मी देतो, नाही म्हणत नाही, पण आधी एक कपाट घ्या, कुलपाचं, लोखंडी. मे महिन्यात मी तीन आठवडे येतोय, स्कॅनर घेऊन येतो. ज्यांच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत काही असेल त्यांनी पुसायला जाऊ नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, तसंच ठेवा, मी घरी येऊन स्कॅन करतो आणि तिथल्या तिथे परत देतो. आणि त्या म्हाताऱ्या माणसांना कुणीतरी या रविवारीच गाठा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, मे पर्यंत थांबू नका.