असो म्हणून सोडू नका

चहा येईस्तोवर कट्ट्यावर मास्तर आणि बापूंची जुंपली होती.

बापूंचा हेका एकच. आफ्रिकेतल्या प्राण्यांच्या गोष्टी म्हणजे आपलंच पंचतंत्र. झांझिबारच्या गोष्टीत माकड शार्कला म्हणतं, काळीज झाडावर राहिलं. आपली वानर-मगरच की!

‘ती आहेच,’ मास्तर म्हणाले. ‘त्या गोष्टीत आणखी एक गाढवाची गोष्ट येते, त्या गाढवाचा मालकही धोबी, अन् तिथल्या स्वाहिली भाषेत शब्दही ‘डोबी’च. पण अनान्सीला त्यात कोंबू नका. तो घानातल्या अकान लोकांच्या गोष्टींतला कोळी, जाळं विणणारा.’

न्यामे हा आकाशदेव. जगातल्या सगळ्या गोष्टी त्याच्याकडे. अनान्सीला त्या विकत हव्यात, आणि किंमत म्हणजे पकडून आणायचे अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या नि म्मोआतिया ही रानातली परी.

‘पोरांसाठी आटपशीर करायची तर अनान्सीच्या बायकोला गाळा,’ शमा म्हणाली. ‘काय अडतंय?’

‘सगळंच! रॅट्रे या ब्रिटिश अभ्यासकाने १९३० साली छापलेल्या गोष्टीत डोकं बायकोचं आहे, असोचं. (नाव असो असलं म्हणून सोडून द्यायची बाई नव्हे ती.) भोपळ्यात पाणी भर, थोडं माश्यांवर ओत, थोडं स्वतःवर, डोक्यावर केळीचं पान धर नि म्हण, पाऊस आला, भोपळ्यात शिरा. आत गेल्या की बूच. आता अजगर. ताडाची फांदी नि वेल घेऊन नवराबायको त्याच्या वाटेवर भांडतात. ‘त्याच्याहून लांब आहे!’ ‘खोटं, आखूड आहे!’ असो गाळलीत तर भांडणार कोणाशी? अजगर मापाला आडवा पडेलच कशाला?’

‘सांगायचं कसं मग?’

‘पोरांचे दोन गट. एक ‘लांब’, एक ‘आखूड’. आवाज चढू द्यायचा, आणि टिपेला पोचला की हात वर करून गप्प. त्या शांततेत अजगराने विचारायचं, काय झालं? मग वेल आवळताना सगळ्यांनी ‘न्वेनेने, न्वेनेने’ असा आवळण्याचा आवाज काढायचा, थेट डोक्यापर्यंत.’

‘आणि परीला पकडायची ती चिकाची बाहुली?’ शमाने विचारलं. ‘चीक शेवटी सांगायचा ना? धक्का बसतो.’

‘उलट! आधीच सांगायचा. बाहुलीच्या हातात कुस्करलेला याम नावाचा कंद, कमरेला दोरी. परी विचारते, खाऊ का? अनान्सी दोरी ओढतो, बाहुली मान डोलावते. परी आभार मानते, उत्तर नाही. चिडून ती गालावर चापट मारते, त्या गोष्टीत गालाला ‘रडायची जागा’ म्हटलंय. हात वर जातो तेव्हा पोरं ओरडतात, नको नको! चीक ठाऊक नसेल तर ओरडतील कशाला?’

‘बिबट्या राहिला,’ बापू म्हणाले.

‘खड्डा खणला, तो पडला. दोन वाक्यांत उरका.’