सगळ्यांचं ९.८

आमच्या बारावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. सांगलीतला एक मित्र, हल्ली तिथंच क्लास चालवतो, त्यानं लिहिलं, "बोर्डानं ते प्रॅक्टिकलचे ३० मार्क एकदाचे बंद करावेत. मार्क काय, सगळ्यांना पडतात. जर्नल तर पैसे टाकले की लिहून मिळतं. पोरांचा वेळ फुकट." खाली पटापट अंगठे. मी बसमध्ये होते, मांडीवर इयर टेनच्या, म्हणजे आपल्या नववीच्या, वह्यांचा गठ्ठा. डोकंच फिरलं.

मी इंग्लंडात, रेडिंगला, केमिस्ट्री शिकवते. (आमचे काका गावाला अजून 'रीडिंग' म्हणतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.) त्या गठ्ठ्यात थायोसल्फेटचा प्रयोग होता. फ्लास्कखाली कागदावर फुली काढायची, थायोसल्फेटमध्ये ॲसिड ओतायचं, गंधकानं द्रावण गढूळ होत गेलं की फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागले ते मोजायचं. एका मुलीची पाच रीडिंगं आलेखात नीट बसली होती, सहावं भलतीकडेच. तिनं त्याला गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मी मैत्रिणीशी बोलत होते, घड्याळ उशिरा बंद केलं.' मी हिरव्या पेननं तिथं दोन बरोबरच्या खुणा केल्या.

हे मी ग्रुपवर लांबलचक टाईप केलं. आपल्याकडे असं वाक्य लिहिलं असतं तर अख्खं पान फाडून पुन्हा लिहायला लावलं असतं, हेही जोडलं. त्यात खोटं काय आहे? टायट्रेशन म्हणजे ब्युरेटमधून, खुणांच्या नळीतून, रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण सोडायचं आणि किती लागलं ते मोजायचं. आपल्या जर्नलमध्ये त्याच्या तक्त्यात पायलट, म्हणजे अंदाजाचं, रीडिंग, मग तीन रकाने आणि शेवटी चौकटीत सी.बी.आर. म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. नावातच हुकूम होता, आकडा सारखाच आला पाहिजे! पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये, खाली ऑक्झॅलिक ॲसिड. ते ६०-७० अंशांपर्यंत तापवायचं, नाहीतर जांभळा रंग जाता जात नाही. बर्नर चौघांत एक. कुठलं तापवतोय? सीनियरच्या जर्नलमध्ये उत्तर ९.८ होतं, तेव्हा ९.८ वरून उलटं येत आम्ही सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग भरायचो. इथं ए लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, 'कॉन्कॉर्डंट' म्हणजे जुळती रीडिंगं म्हणतात, ०.१ मिलीच्या आत जुळली की पुरे. तेवढी ढिलाई असली की पोरं खरं लिहितात.

मित्राचं उत्तर एका ओळीचं आलं. "बरं, मग तुमच्याकडे प्रॅक्टिकलला मार्क किती?"

इथं मी फोन पर्समध्ये टाकला. कारण उत्तर आहे, शून्य. २०१५ पासून सुरू झालेल्या ए लेव्हलमध्ये प्रॅक्टिकल ग्रेडमध्ये धरतच नाहीत. दोन वर्षांत किमान १२ प्रयोग, पाच निकष, त्यातला शेवटचा रिपोर्टचा, आणि सर्टिफिकेटवर वेगळी नोंद, 'पास'. लेखी पेपरात किमान १५ टक्के मार्क प्रयोगांवरच्या प्रश्नांना. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीलाही, तसंच. त्याआधी शाळेतल्या शाळेत तपासायचं काम होतं, कंट्रोल्ड असेसमेंट. त्या काळात मी एका शाळेत नवी होते. वरून सांगितलं गेलं की ग्रेड घसरता कामा नये, आणि आम्ही मुलांना इतके इशारे द्यायचो की शेवटी तीस रिपोर्टांत एकच रिपोर्ट तीस हस्ताक्षरांत. म्हणजे मित्र जे मागतोय ते इथं कधीच होऊन गेलंय, आणि त्याच कारणासाठी.

मग सुधारलं का? काही सुधारलं. चुकीचं रीडिंग लपवायचं कारण उरलं नाही, त्या मुलीचं वाक्य त्यातूनच आलंय. पण मे महिना आला की इयर इलेव्हनची पोरं ठरलेले प्रयोग व्हिडिओ बघून पाठ करतात. सहा मार्कांचं 'प्रयोगाची आखणी करा' घडाघडा. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, फक्त इंग्रजीत.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "आमच्याकडे रिपोर्ट नीट लिहिल्याशिवाय पास करत नाहीत." अक्षरशः खरं आहे.

"तिथं बसून बोलू नकोस," तो म्हणाला. "तुझी ट्रॉली सकाळी टेक्निशियन दारात लावून जातो. ये इथं, एका बॅचला लॅब सांभाळून दाखव." हे लागलं. टेक्निशियनबद्दल मीच कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. आणि त्याचा मुद्दाही बिनतोड आहे. २०१३ ते २०१६ जेईई मेनच्या रँकमध्ये बारावीच्या मार्कांना ४० टक्के वजन होतं. ते गेल्यावर एकेका मार्काचा हिशेब ठेवायचं कारणच गेलं. पोर क्लासला, नाव कॉलेजला. लॅबमधले मामा परीक्षेच्या दिवशी ओळखायला दिलेलं सॉल्ट कुठलं ते कानात सांगायचे, ते आमच्याच वेळेचं. मला त्यांनी अमोनियम क्लोराईड सांगितलं होतं. तो पांढरा धूर मी तरी मनापासून बघितला, ग्लास रॉडवर ॲसिडचा थेंब घेऊन, बाहेरून आलेले परीक्षक, एक्स्टर्नल, पुढं गेल्यावरसुद्धा. आज याच कामाचा पगार घेते.

मी एवढी का भांडते? त्या ग्रुपवर पाणी, रस्ते, निवडणुका, कुणाच्या मुलीचं लग्न असं सगळं चालतं, आणि मी तोंड उघडलं की "तुला काय कळणार तिथं" येतं. शाळेचा विषय निघाला की निदान तोंड उघडता येतं. तो बंद झाला तर मी नुसतीच वाढदिवसाला केक टाकणारी उरेन. इथं स्टाफरूममध्ये सांगली कुणाला सांगू? "मुंबईजवळ" म्हणते. चारशे किलोमीटर खाऊन टाकते एका शब्दात.

रविवारी आईला फोन केला, माळ्यावरचं जर्नल अजून आहे का विचारलं. "रद्दीत नाही घातलं, तुझं तुला ठाऊक," म्हणाली, आणि संध्याकाळी फोटो पाठवला. टायट्रेशनचं पान. तीनही रकान्यांत ९.८, चौकटीत ९.८, शेजारी बाईंची लाल सही. अक्षर माझं, सुरेख.

फोटो ग्रुपवर टाकला, काही न लिहिता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याचाच मेसेज आला: "माझं पण ९.८. तुझ्यावरूनच घातलं होतं."