गोळी बंद केल्याने बाळाचं रक्त वाढत नाही

शेजारची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा संपत आला होता. डोहाळजेवणाची ओटी भरताना पाहिलं, तर हिरवा चुडा मनगटात रुतलेला. खुर्चीत पाठ टेकून बसवलं, पाच मिनिटं बोलू दिलं नाही, मग दंडाला बीपीचा पट्टा बांधला. १५६/१०२. पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतलं, तेवढंच. "बीपीची गोळी घेतलीस ना, बाय?" तिने आईकडे पाहिलं. गोळी चार दिवसांपासून बंद होती. आईला व्हॉट्सअॅपवर एक मेसेज आला होता, तो वाचून.

तो मेसेज आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या कितीतरी ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गरोदरपणात बीपी वाढतं ते बाळाला जास्त रक्त मिळावं म्हणून, गोळ्यांनी ते रक्त तुटतं आणि बाळ बारीक होतं, गोळीऐवजी मीठ सोडा, सूज आणि डोकेदुखी सगळ्यांनाच असते, बाळंत झालं की बीपी आपोआप जातं. मी सव्वीस वर्षं प्रसूती विभागात परिचारिका होते. हे वाचून गप्प बसवत नाही.

बाळासाठी बीपी वाढतं, हे मुळातच उलटं आहे. गरोदरपणात आईच्या अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, तरी निरोगी बाईचं बीपी मधल्या महिन्यांत थोडं उतरतंच, कारण रक्तवाहिन्या सैल होतात. वारेकडे (प्लॅसेंटाकडे) जाणाऱ्या नागमोडी धमन्या रुंद होतात आणि बाळाकडे रक्त संथ, भरपूर वाहतं. ज्या आजाराला डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, त्यात बऱ्याचदा याच धमन्या अरुंद राहिलेल्या असतात. वार उपाशी पडते, तिच्यातून काही द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात, आईच्या रक्तवाहिन्या बिघडतात, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात आणि बीपी चढतं. कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, असलेल्यांना हे लगेच कळेल. पाटाचं तोंड गाळाने बुजलं असेल तर वर पाणी कितीही तुंबलं तरी माडाच्या आळ्यात पोचत नाही, बांध मात्र फुटतो. इथे बांध फुटणं म्हणजे आईला झटके, मेंदूत रक्तस्राव किंवा वार आधीच सुटणं.

आता गोळ्यांचं. या भीतीला थोडा आधार आहे, तो मी लपवणार नाही. बीपी फार खाली पाडलं तर बाळाला रक्त कमी पडेल का, हा प्रश्न डॉक्टरांनाही बरीच वर्षं सतावत होता. म्हणून तर चाचण्या झाल्या. २०२२ साली अमेरिकेतल्या २,४०८ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या बायकांना आधीपासूनच सौम्य बीपी होतं. अर्ध्यांना १४०/९० च्या खाली ठेवण्यासाठी गोळ्या दिल्या, बाकीच्यांना बीपी फार चढेपर्यंत दिल्या नाहीत. तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया, ३५ आठवड्यांआधी करावी लागलेली प्रसूती, वार सुटणं किंवा बाळ दगावणं यांतलं काही ना काही गोळीवाल्या गटात ३०.२ टक्के बायकांच्या वाट्याला आलं, दुसऱ्या गटात ३७ टक्के. आणि वजनाने बारीक बाळं? ११.२ आणि १०.४ टक्के, म्हणजे फरक मानावा एवढाही नाही. आपल्या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांतही खूप चढलेल्या बीपीसाठी निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा या तीन गोळ्या तपासून पाहिल्या गेल्या. २०१९ मध्ये त्याचे निकाल आले. तिन्हींनी बहुतेकींचं बीपी आटोक्यात आणलं.

मात्र सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. यांतली एखादी आधीपासून चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची. बदलून घ्यायची, मनाने सोडायची नाही.

मीठ सोडून हा आजार टळत नाही. टाळण्यासाठी मीठ तोडू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय. खारं आणि लोणचं बेताने खा, बस. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं त्यांना कॅल्शियमचा खरा उपयोग होतो, म्हणून सरकारी केंद्रात चौदाव्या आठवड्यापासून त्या गोळ्या देतात. नाचण्याची तिजान (पेज) घ्याच, पण गोळीही घ्या, आणि ती लोहाच्या गोळीबरोबर एकदम नको.

सूज सगळ्यांना असते? संध्याकाळी पावलं सुजणं, हो, आपल्या दमट हवेत बहुतेकींची सुजतात. पण तोंड आणि हात अचानक सुजले, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे चमकारे आले, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणि पुष्कळदा यातलं काहीच नसतं. "म्हाका कांयच जायना" (मला काहीच होत नाही) म्हणणाऱ्या बाईचं बीपी १७० निघालेलं मी पाहिलंय. म्हणून दर तपासणीला पट्टा बांधायलाच हवा.

बाळंत झालं की बीपी जातं, हे सगळ्यात घातक वाक्य. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते उलट चढतं. नेमकी तेव्हा बाई घरी आलेली असते, सटीची तयारी चाललेली असते, बाळाला बघायला माणसं येत असतात आणि तिचं दुखणारं डोकं जागरणावर ढकललं जातं. झटके त्यानंतरही येऊ शकतात.

त्या मुलीला त्याच संध्याकाळी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पुढे दर आठवड्याला तपासणी झाली. छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, २ किलो २०० ग्रॅम. सटीच्या दिवशी सकाळी मी मशीन घेऊन गेले. १४४/९२. रात्रीची गोळी घेतली का, असं विचारायच्या आतच तिच्या आईने उशीखालून पाकीट काढलं आणि कालचा रिकामा खळगा मला बोटाने दाखवला.