‘घंटा फरक पडला’? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात इथे इंग्लंडचा राजा जॉन आणि पोप तिसरा इनोसंट यांच्या भांडणावर लेख टाकला होता. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चप्रमुखाच्या, गादीवर पोपने स्टीफन लँग्टनला बसवलं, राजाने त्याला देशात पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून 1208 साली पोपने अख्ख्या इंग्लंडवर धर्मकार्यबंदी लादली, म्हणजे चर्चमधले जवळपास सगळे विधी थांबवले. लॅटिनमधून आलेला शब्द इंटरडिक्ट. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो:

‘बंदी सात वर्षं नव्हतीच. सामान्य माणसाला घंटा फरक पडला नाही, नाहीतर बंड झालं असतं. राजाने उलट चर्चच्या जमिनी जप्त करून बक्कळ पैसा केला. तुम्ही ख्रिस्ती, त्यामुळे पोपची भलामण चाललीय. आणि हे सगळं दोन परिच्छेदांत मावलं असतं.’

स्पष्टवक्ते, पहिला मुद्दा मान्य. 24 मार्च 1208 ते 2 जुलै 1214, म्हणजे सहा वर्षं, तीन महिने आणि वर आठवडाभर. ‘सात’ ही माझी घाई. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत, कारण पुढे फारसे मानता येतील असं वाटत नाही.

आता ‘घंटा’. हा शब्द तुम्ही कट्ट्यावर खुशाल वापरा. इथे शाळेतली मुलंही वाचायला येतात, आणि मतभेद सांगायला मराठीत इतर शब्दांचा दुष्काळ पडलेला नाही. ‘मला हे पटत नाही’ एवढं पुरलं असतं. पण गंमत अशी की सगळ्या शब्दकोशातून तुम्ही नेमका तोच शब्द उचललात जो या बंदीच्या मुळाशी आहे. बंदीत पहिली गप्प झाली ती घंटाच.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या खेड्यात यांत्रिक घड्याळ नव्हतं. ते त्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतं, तेही मोठ्या चर्चमध्ये आणि मठांत. गावाचा दिवस घंटेवर चालायचा. मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) घंटा, संध्याकाळी चुली विझवायची घंटा (‘कर्फ्यू’ या शब्दाचा मूळ अर्थच विस्तव झाका), कुणी गेलं की संथ टोले. ते टोले ऐकून शेतातला माणूस हातातलं काम थांबवून मेलेल्यासाठी प्रार्थना पुटपुटायचा. टोले वाजलेच नाहीत तर त्या जीवासाठी गावाची प्रार्थनाही नाही. वीज-वादळ आलं तरी घंटा वाजवत, ती ऐकून दुष्ट शक्ती पळतात या श्रद्धेने.

ही घंटा म्हणजे नुसतं भांडं नव्हतं. चार भाग तांबं, एक भाग कथील. कथील जास्त पडलं की नाद खुलतो पण काचेसारखी तडकते, कमी पडलं की बद्द वाजते. ओतून झाली की बिशप येऊन ती पाण्याने धुई, तेलाने तिला अभिषेक करी, आणि मग ती वर चढे. पुढे रूढ झालेल्या विधीत बाहेरून सात ठिकाणी आजाऱ्यांचं तेल आणि आतून चार ठिकाणी क्रिझम (बिशपने पवित्र केलेलं सुगंधी तेल) लावत. लोक त्याला सरळ घंटेचा बाप्तिस्मा म्हणत. (1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवळांत नेऊन टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आजही त्यासाठी ओळखली जाते. ‘घंटा फरक पडत नाही’ असं वाटणाऱ्यांनी एवढं ओझं घाट चढवून कशाला नेलं असतं?)

बरं, घंटा बाजूला ठेवू. ‘फरक पडला नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी तारखा तरी पाहायच्या. बंदी लागू झाली सोमवारी. त्या वर्षी ईस्टर होता 6 एप्रिलला. मधे जेमतेम दोन आठवडे. सामान्य माणूस तेव्हा दर रविवारी कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र भाकरीचा प्रसाद, घेत नसे. बहुतेकांना वर्षातून एकदाच मिळे, ते ईस्टरला. म्हणजे झावळ्यांचा रविवार गेला, पवित्र गुरुवार गेला, ईस्टरचा दिवस उजाडला आणि चर्चचं दार बंद. वर्षभराचं एकुलतं एक कम्युनियन गेलं. असे सहा ईस्टर नव्हेत, सात ईस्टर गेले: 1208 पासून 1214 पर्यंत मोजून पाहा. माझं ‘सात’ अगदीच हवेतून आलं नव्हतं, एवढं म्हणायला हरकत नसावी.

त्या पवित्र गुरुवारी आणखी एक काम अडलं. क्रिझम म्हणजे ऑलिव्हचं तेल आणि बाल्सम नावाचा सुगंधी चीक यांचं मिश्रण. बिशप तेव्हा वर्षातून त्याच एका दिवशी ते पवित्र करी, जुनं संपवत आणि नवं सगळ्या धर्मग्रामांना वाटत. बंदीत तो विधीच नाही. पण लहान मुलांचा बाप्तिस्मा मात्र चालू ठेवायचा हुकूम होता, आणि बाप्तिस्म्याला क्रिझम लागतं. मग काय करायचं? इंग्लंडच्या बिशपांचा प्रश्न रोमला गेला. उत्तर आलं: जुनंच वापरा, आणि पुरत नसेल तर त्यात साधं तेल मिसळून वाढवा. म्हणजे बाप्तिस्मे चालवायचे ते असं पुरवून पुरवून काढलेल्या तेलावर. ज्याला काही फरक पडत नाही अशा गोष्टीसाठी कोणी रोमपर्यंत पत्र धाडत नाही.

बंदीत काय चालू होतं आणि काय बंद, हे तुम्ही एका फटक्यात उडवून लावलंत, म्हणून नीट सांगतो. अर्भकांचा बाप्तिस्मा चालू. मरणाऱ्याचं पापनिवेदन चालू, पण त्याला शेवटचं कम्युनियन नाही. ती सवलत 1212 मध्ये मिळाली. मठांना 1209 पासून आठवड्यातून एक मिस्सा, तीही बंद दाराआड, बाहेरच्या कुणाला आत न घेता. लग्नं होत राहिली, कारण वधूवरांनी परस्परांना संमतीचे शब्द दिले की चर्चच्या कायद्याने विवाह झाला, पाद्री नसला तरी. फक्त आशीर्वादाची मिस्सा गेली. इथवर तुमचं म्हणणं थोडंफार तगतं.

दफनाला मात्र तगत नाही. पवित्र केलेल्या जमिनीत कोणालाही पुरायचं नाही, हा बंदीचा सगळ्यात कडू भाग. सेंट ऑल्बन्सच्या मठातला बखरकार लिहितो की गावोगावची प्रेतं बाहेर काढून रस्त्यांच्या चौफुल्यांवर आणि खंदकांत कुत्र्यांसारखी पुरली, ना प्रार्थना ना पाद्री. हा बखरकार काही वर्षांनी लिहीत होता आणि जॉनवर त्याचा दात होता, हे मला ठाऊक आहे, तुम्ही सांगायची गरज नाही. पण दफनबंदी हा बंदीच्या अटींचाच भाग होता, त्याला बखरकाराचा राग लागत नाही. ज्या समाजात अनेक गावांत शेतकरी मेला की त्याचं उत्तम जनावर जमीनदाराचं आणि त्याखालोखालचं चर्चचं, म्हणजे ज्या मरणासाठी घरची गाय जायची, तिथे आईला कुंपणाबाहेरच्या खड्ड्यात ठेवून परत यायचं याला ‘फरक नाही’ म्हणायला फार जाड कातडी लागते.

आणि दशांश? तो चालूच. दहावी पेंढी चर्चची, ती बंदीत माफ झाली नाही. सेवा बंद आणि वर्गणी सुरू.

‘नाहीतर बंड झालं असतं’ हे वाक्य वाचून तर मी खुर्चीत सरसावून बसलो. बंड कोणाविरुद्ध करायचं? पोप रोमला. ज्यांनी बंदी जाहीर केली ते लंडन, इली आणि वुस्टरचे बिशप लगोलग देशाबाहेर. गावचा पाद्री बिचारा स्वतःच उघड्यावर. राजाला हा धोका दिसला होता, पण उलट्या बाजूने: लोक चिडून पाद्र्यांनाच बदडतील आणि शांतता बिघडेल. म्हणून एप्रिल 1208 मध्येच त्याने फर्मान काढलं की कोणी पाद्र्याला शब्दाने वा कृतीने इजा केली तर त्याला जवळच्या ओकच्या झाडावर टांगीन. लोकांना काहीच वाटत नव्हतं, तर हे फर्मान कोणासाठी होतं?

फ्रान्सचा दाखलाही बघा. याच इनोसंटच्या काळात जानेवारी 1200 मध्ये फिलिप ऑगस्टसच्या राज्यावर अशीच बंदी आली, कारण त्याने डेन्मार्कच्या इंगेबोर्गशी 1193 मध्ये लग्न करून दुसऱ्याच दिवशी तिला टाकलं होतं. सप्टेंबरपर्यंत, आठ महिन्यांत, राजा नमला. नावापुरता नमला, तिला 1213 पर्यंत कोंडूनच ठेवलं, पण नमला. इंग्लंडमध्ये सहा वर्षं लागली यावरून लोकांना फरक पडला नाही असं निघत नाही. जॉनला लोकांचा फरक पडत नव्हता, एवढंच निघतं. या दोन वाक्यांतला भेद तुमच्या लक्षात येत नसेल तर मी अजून दहा परिच्छेद लिहून उपयोग नाही.

आणि खुद्द चर्चनेच निकाल दिलाय. 1298 मध्ये पोप आठव्या बोनिफेसने नियम सैल केले, कारण देताना कबूल केलं की बंदीमुळे लोकांची भक्ती आटते आणि पाखंड फोफावतं. म्हणजे परिणाम होत होता, फक्त चर्चला हवा तसा नव्हे. नवे नियम असे: दार बंद, आवाज खाली, बहिष्कृत बाहेर, मग रोज उपासना चालेल. फक्त नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि मरियेच्या स्वर्गारोहणाला दार उघडं. आणि घंटा? एरवी गप्प, त्या चार सणांनाच वाजणार. एवढं सैल करतानाही पोपने घंटेवरची पकड सोडली नाही. आता सांगा.

राजाने पैसा केला, हा मुद्दा. हो, केला. मूळ लेखात चौथ्या परिच्छेदात आहे, पाद्र्यांच्या घरातल्या बायका धरून त्यांच्याकडून सोडवणूक उकळली तेसुद्धा आहे. वाचला असतात तर बरं झालं असतं. पुढे.

माझ्या धर्माबद्दल. होय, मी वसईचा ख्रिस्ती. चर्चला ‘देऊळ’ म्हणणाऱ्या घरातला. घंटेवर उठलोय, घंटेवर जेवलोय, त्यामुळे ती बंद पडली की गावाला काय होतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. गेली पंधरा वर्षं त्या काळची लॅटिन पत्रं वाचतोय, तुमच्यासारखी मोबाइलवर पाहून मतं बनवत नाही. (हे वाक्य जरा तिखट झालं. पण खोडत नाही.) भलामणीबद्दल म्हणाल, तर या प्रकरणातली पोपची सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट मीच सांगतो, तुम्हाला ती सापडलेली दिसत नाही.

15 मे 1213 रोजी डोव्हरजवळ जॉनने इंग्लंड आणि आयर्लंड पोपला वाहिलं आणि त्याचा मांडलिक म्हणून परत घेतलं. खंडणी वर्षाला 1000 मार्क, 700 इंग्लंडचे आणि 300 आयर्लंडचे. (मार्क हे नाणं नव्हे, हिशोबाचं एकक, 13 शिलिंग 4 पेनी, म्हणजे पाऊंडाचे दोन तृतीयांश.) 20 जुलै 1213 ला विंचेस्टरमध्ये लँग्टनने राजावरचा बहिष्कार (खुद्द जॉनला चर्चबाहेर काढण्याची वेगळी शिक्षा) उठवला. ज्याने गुन्हा केला तो सुटला. मिस्सा ऐकायला मोकळा.

गाव सुटलं नाही. लुटलेल्या चर्चसंपत्तीची भरपाई किती आणि कधी, यावर वाटाघाटी रेंगाळल्या. शेवटी असं ठरलं की रक्कम 40,000 मार्कांपर्यंत गेली की बंदी उठेल, आणि त्यातलाही काही भाग जामिनावर भागवला. बंदी उठली 2 जुलै 1214 ला. म्हणजे राजा क्षमा मिळवून बसल्यानंतर साडेअकरा महिने गावं तशीच कुलूपबंद, शेवटचा ईस्टर त्यातच गेला, प्रेतं कुंपणाबाहेरच, कशासाठी तर बिशपांचा आणि राजाचा हिशोब जुळेना म्हणून. एवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या वर्षी सरदारांनी मॅग्ना कार्टावर राजाची मोहर घेतली, तर 24 ऑगस्ट 1215 ला याच इनोसंटने ती सनद रद्द ठरवली, कारण जॉन आता त्याचा माणूस होता. याला भलामण म्हणत असाल तर म्हणा.

राहता राहिली लांबी. दोन परिच्छेदांत मावलं असतं हे खरं, तुमची प्रतिक्रिया मावलीच की.

मूळ लेखातलं ‘सात वर्षं’ आज सकाळी दुरुस्त केलं आहे. तुमच्या प्रतिक्रियेतली घंटा तशीच राहू दिली आहे, वाजत.