वेबवुडच्या हॅनलीबाई

कॅनडाची पहिली महिला महापौर कोण, असं विचारलं की बरेच जण शार्लट व्हिटन यांचं नाव घेतात. व्हिटन 1951 मध्ये ओटावाच्या महापौर झाल्या. मोठ्या शहराच्या पहिल्या त्या, हे खरंच. पण त्याच्या 15 वर्षं आधी, जानेवारी 1936 मध्ये, ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तरेतल्या वेबवुड नावाच्या चिमुकल्या रेल्वेगावानं बार्बरा हॅनली यांना निवडून दिलं होतं. देशातल्या पहिल्या महिला महापौर त्या. हे नाव इतकं मागे पडावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काळ बघा. बाईंचा जन्म 1882 चा, मॅग्नेटावानचा. त्या दोन वर्षांच्या असताना ऑन्टारिओत बायकांना गावच्या निवडणुकीत मत मिळालं, तेही फक्त मालमत्ता नावावर असलेल्या विधवांना आणि अविवाहितांना. नवरा असलेलीला नाहीच! प्रांताच्या निवडणुकीत मत मिळायला 1917 उजाडलं. सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, नेमण्यासाठी स्त्रीला 'व्यक्ती' धरायचं की नाही, हा वाद तर पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयापर्यंत, गेला आणि 1929 मध्ये सुटला.

हॅनलीबाई वेबवुडला आल्या त्या शिक्षिका म्हणून. लग्न करून तिथल्याच झाल्या, पुढे शाळा मंडळावर निवडून गेल्या. म्हणजे महापौरपदाला उभ्या राहिल्या तोवर गावानं त्यांचं काम जवळून पाहिलं होतं. तरीही पहिली निवडणूक त्यांनी अगदी थोडक्या मतांनी जिंकली.

आणि वेळ कोणती? महामंदीची. शेजारच्या एस्पानोलातली कागद गिरणी बंद पडलेली. कामं नाहीत म्हणून घरपट्टी थकलेली, आणि त्याच वेळी बेरोजगारांच्या मदतीतला गावाचा वाटा गावानंच उचलायचा. वसुलीला सक्ती करावी तर समोरच्या घरात चूल थंड, सोडून द्यावं तर तिजोरी रिकामी. लहान गावात तर ज्याची पट्टी थकली तो रोज रस्त्यात भेटतो. अशा खुर्चीत बसणं सोपं नव्हतं. त्यात तेव्हा ऑन्टारिओत गावच्या निवडणुका दरवर्षी व्हायच्या. बाई 1944 पर्यंत, म्हणजे आठ वर्षं, महापौर राहिल्या. कौतुकापोटी एकदा निवडून देता येतं, पण दरवर्षी पुन्हा तिलाच बसवायचं तर लोकांना कारभार पटलेला असावा लागतो.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. महापौरपद सोडल्यावर त्या त्याच गावाच्या क्लार्क झाल्या. सभांची इतिवृत्तं लिहायची, मतदारयाद्या नीट ठेवायच्या, ठराव जपायचे, असलं ते काम. ते त्यांनी 1950 पर्यंत केलं. काल जिथे अध्यक्षस्थानी होतो तिथेच आज कागद सांभाळायला बसणं किती पुढाऱ्यांना जमेल? माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. 1959 मध्ये त्या गेल्या.

आपल्याकडे महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. तिथेही 'पहिली महिला' म्हणून हार घालतानाचा फोटो छापून येतो, पुढच्या पाच वर्षांत तिनं पाण्याचं, रस्त्याचं काय केलं ते कुणी विचारत नाही. सही तिची आणि कारभार नवऱ्याचा, हे तर सर्रास खपवून घेतलं जातं. निवडून आलेल्या बाईला तिच्या कामाबद्दल थेट तिलाच प्रश्न विचारा. तिच्या नवऱ्याला फोन लावू नका.